वचनपेटीतली अर्धी चिठ्ठी

हे मी पाठीवर पडून असलेल्यांसाठी लिहितो आहे. चालत्याफिरत्या माणसांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना ते लांबलचक वाटेल. पाठीवर पडलेल्या माणसाला लांबलचक चालतं. त्याला दुसरं काम नसतं.

त्रेपन्न साली मी ऐरोलीच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. बदली झाली तेव्हा मार्था, म्हणजे माझी बायको, आणि पाच वर्षांची लीला यांना घेऊन मी खाडीकाठी आलो, आणि बारकीबाय नावाच्या आगरी बाईच्या घरात दोन खोल्या घेतल्या. बारकीबायचा नवरा पलीकडे मुलुंडच्या बाजूला मिठागरावर मुकादम होता. मागच्या दारातून तिवरांची झाडं दिसायची आणि भरतीचं पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत चढलेलं दिसायचं. मला ते फार आवडायचं. कोरड्या मुलखातल्या माणसाला पाणी दिसलं की अजून काही नको असतं.

पावसाळ्यापासून पाठ दुखत होती. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येईना, म्हणून मी खालच्या बाजूला लिहू लागलो. पोरं म्हणायची, मास्तर, आमाला दिसत नाय. मी त्यांनाच दटावायचो. संध्याकाळी अंगात कणकण यायची, आणि खरं सांगतो, ती मला वाईट वाटायची नाही. त्या कणकणीत खाडीचं पाणी दारातून हळूच आत येतंय, खाटेखाली हलतंय, असं वाटायचं. मी मार्थाला म्हणायचो, पाय वर घे, भिजशील. ती हसायची. नंतर हसेनाशी झाली.

त्या दिवसाचं वचन

आमच्याकडे एक रीत आहे. सकाळची प्रार्थना झाली की वचनपेटीतून एक चिठ्ठी काढायची. पेटी म्हणजे लाकडी डबी, आणि तिच्यात बोटाएवढ्या कागदांच्या सुरळ्या. प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. जे निघेल ते त्या दिवशी देवानं आपल्याला सांगितलेलं, असं मानायचं. आमची पेटी माझ्या आईनं मार्थाला लग्नात दिलेली होती. रोज मार्थाच चिठ्ठी काढायची आणि वाचून दाखवायची.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं त्या सकाळी तिनं चिठ्ठी काढली, वाचली आणि पदराला गाठ मारून ठेवली. मी विचारलं, काय निघालं? म्हणाली, मेंढरांविषयी काहीतरी आहे, चला, मचवा सुटेल.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मणक्याचा क्षय. दोन मणके कुरतडल्यासारखे झाले होते. आता पाठीच्या मापाचा प्लास्टरचा साचा करायचा, त्यात वर्षभर तरी उताणं पडून राहायचं, आणि नव्या औषधाची इंजेक्शनं घ्यायची. हलायचं नाही. हललं तर पाय जातील, कदाचित जीवही. रुग्णालयात आज खाट रिकामी नव्हती. आठवड्याभरात होईल, चिठ्ठी पाठवू, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. एक विचित्र गोष्ट सांगतो. मला त्या वेळी भीती वाटली नाही, लाज वाटली. डॉक्टर माझ्या बायकोसमोर माझ्या हाडांचा फोटो धरून उभे होते आणि मला वाटलं, शर्ट घालावा.

काळा कोट

घरी आल्यावर मला फळ्यांवर झोपवण्यात आलं. मी पडल्या पडल्या बघत होतो. मार्थानं शाळेचे नकाशे गुंडाळून परत पाठवले. तिचा भाऊ आला आणि लीलाला नगरला घेऊन गेला. जाताना लीला माझ्याकडे यायला घाबरत होती, दाराशीच उभी राहून हात हलवत होती. मग एके दुपारी मार्थानं कोळशाची इस्त्री पेटवली आणि ट्रंकेतला माझा लग्नातला काळा कोट काढला. तो तिनं अगदी सावकाश इस्त्री केला. कॉलर, बाह्या, खिशाची झडपसुद्धा. मला वाटलं, रुग्णालयात जायची तयारी असेल. तापातल्या माणसाला सगळं पटतं. रुग्णालयात कोट कशाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आमच्यात माणसाला पुरताना असा कोट घालतात, हेही नाही.

बुधवारी डॉक्टरांची चिठ्ठी आली. खाट रिकामी झाली आहे, शनिवारपर्यंत या, नाहीतर ती दुसऱ्याला द्यावी लागेल. मी म्हणालो, मुकादमांना सांग, खाट उचलायला माणसं लागतील. मार्था म्हणाली, जायचं नाही.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "परक्या माणसांत नको. जे व्हायचं ते घरी होऊ दे. मी तुमच्या उशाशी असेन."

मी खूप चिडलो. लग्नाला सात वर्षं झाली होती, मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. मला जगायचं आहे, असं मी ओरडून सांगितलं. सांगेपर्यंत ते मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा ती रडत आत गेली, त्या दिवशीच्या लुगड्याच्या पदराची गाठ सोडून आली आणि तिनं चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर धरली. घराची निरवानिरव कर, तू आता मरणार, जगणार नाहीस, अशा अर्थाचं ते वचन होतं.

ते माझ्या अक्षरात होतं.

याचा खुलासा करायला हवा. मी चौदा वर्षांचा असताना आमच्या रविवारच्या शाळेत मुलांकडून वचनपेट्या करवून घेतल्या होत्या, देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, जत्रेत विकायला. प्रत्येकानं दोनशे वचनं शोधून लिहायची. बाहेर बाकीची पोरं विटीदांडू खेळत होती. मी युक्ती काढली. वचन शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक अध्यायाचं पहिलं वाक्य उचलायचं. अध्यायाचा आकडा मोठा छापलेला असतो, चटकन सापडतो. वाक्य लांब असलं आणि कागदावर मावलं नाही, तर मावेल तेवढा शेपटीकडचा तुकडा लिहायचा. दोन दुपारी काम उरकलं. पेटी मात्र विकली गेली नाही, कारण माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं. ती आईनंच ठेवून घेतली आणि पुढे सुनेला दिली.

हे सगळं मी मार्थाला सांगितलं. म्हटलं, अगं, हा माझाच आळशीपणा आहे, यात देवाचा काय संबंध? ती डोळे पुसून म्हणाली, "हात तुमचा होता. शब्दही तुमचे होते का?"

मी चिठ्ठी तिच्या हातातून घेऊन पुन्हा वाचली. आणि कबूल करतो, चिठ्ठी कोणी लिहिली हे ठाऊक असूनही मला ती खरी वाटली. चौदाव्या वर्षी मीच आपल्या हातानं स्वतःला कळवून ठेवलं होतं की काय, असं वाटायला लागलं.  खाट हुकणार हे मला दिसत होतं आणि भांडायचं बळ सरलं होतं.

बारकीबायचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी बारकीबाय पेज घेऊन आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोष्टी शेकडो येत होत्या. भात कांडताना, जाळी विणताना ती गोष्ट लावायची आणि आळीतल्या बाया काम सोडून बसायच्या. आमची तोंडं बघून तिनं विचारलं, काय झालं. मार्थानं चिठ्ठी वाचून दाखवली.

बारकीबायनं वाटी खाली ठेवली. "ह्यो कोनी कोनाला सांगितला?"

मी आठवून म्हणालो, एका आजारी राजाला, देवाच्या माणसानं.

"मंग पुढं काय झाला?"

मला ठाऊक नव्हतं. देवळात पाळकांच्या तोंडून त्या राजाचं नाव ऐकलं असेन, पण गोष्ट म्हणून ती मी कधी वाचली नव्हती. आम्ही शास्त्र असंच वाचायचो, वेचून वेचून. बारकीबाय माझ्याकडे बघत राहिली. गोष्टीच्या सुरुवातीला कोणी उठून गेलं की ती त्याच्याकडे जशी बघायची, तशी. म्हणाली, "मास्तर हायसा ना तुमी? पयल्याच बोलाला रडाय लागल्याव."

मार्थानं पुस्तक आणलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यातला आकडा बघून अध्याय काढला आणि उभ्यानंच वाचू लागली. राजा आजारी आहे. तो मरणार असं देवाचा माणूस त्याला सांगतो. ही झाली माझी चिठ्ठी. पण पुढच्याच ओळीत राजा भिंतीकडे तोंड फिरवतो आणि ढसाढसा रडतो. आणि लगेच त्याच देवाच्या माणसाला निरोप येतो की परत जा, सांग, तुझे अश्रू मी पाहिले, तुला आणखी पंधरा वर्षं दिली. मार्था वाचता वाचता खाली बसली. मग खूण म्हणून पायऱ्यांवरची सावली दहा पायऱ्या मागे जाते. मग राजानं बरं झाल्यावर रचलेलं लांबलचक गाणं. बारकीबाय मान हलवत ऐकत होती, गाण्यापाशी तिनं डोळे मिटले. आणि अगदी शेवटी, विसरलेलं सांगावं तसं, एक वाक्य येतं. देवाच्या माणसानं म्हटलं होतं की अंजिरं ठेचून गळवावर बांधा, म्हणजे राजा बरा होईल.

बारकीबायनं डोळे उघडले. "लेप लावला?"

"हो," मार्था म्हणाली.

"देव बरा करनार व्हता, तरी लेप लावला?"

मार्थानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

बारकीबाय उठली. "मंग तुमी हितं काय करताव? शनवारी भरती सकालची हाय. मी घोवाला सांगतंय, मानसं आन म्हनून."

कोट मार्थानं ट्रंकेत परत ठेवला. टाकून दिला नाही, हे मी पाहिलं होतं.

आभाळाखालून

शनिवारी मला फळ्यांसकट उचलून मचव्यात ठेवलं. मला बाजूचं काही दिसत नव्हतं, फक्त आभाळ. पाणी खाली कुठेतरी बोलत होतं. एक बगळा वरून गेला, मग बराच वेळ काहीच नाही. मार्थाचा हात माझ्या हातात होता, पण तीसुद्धा दिसत नव्हती. मला वाटलं, मरण असं असेल तर ते काही वाईट नाही, पण आज नको. पलीकडे मिठागराच्या बांधावरून चौघांनी मला वाहून नेलं आणि मिठाच्या ट्रकमध्ये ठेवलं. मुकादमांनी खाली पोती अंथरून घेतली होती. त्या दिवशी मी रुग्णालयात पोचलो तेव्हा माझ्या केसांत मीठ होतं. नर्सबाईंनी नाक मुरडलं.

छत

रुग्णालयातला दिवस पहाटे दुधानं सुरू व्हायचा. मग अंग पुसणं, दिवसाआड मांडीत इंजेक्शन, डॉक्टरांची फेरी, जेवण, चार वाजता थर्मामीटर. साच्यात पडलेल्या माणसाचं जग म्हणजे छत. आमच्या छताला एक ओल आली होती. पहिला महिना ती होडी होती, नंतर तिची गाय झाली.

शेजारच्या खाटेवर राणे म्हणून गिरणीतले एक गृहस्थ होते, खुब्याला प्लास्टर. त्यांच्याकडे दाढीचा छोटा आरसा होता. तो त्यांनी मला दुपारचा वापरायला दिला. आरसा कपाळावर तिरका धरला की मागच्या खिडकीतला गुलमोहर दिसायचा, उलटा, आभाळात मुळं रोवल्यासारखा. तेरा महिन्यांत मी त्याची पानं गळलेली पाहिली, फुललेला पाहिला, सगळं उलटं. बरा झाल्यावर खाली जाऊन त्याला सरळ बघितलं, तर तो मला ओळखीचा वाटेना.

समोरच्या भिंतीवर दुपारी खिडकीच्या गजांची सावली चढायची. ती बघत मी त्या राजाचा विचार करायचो. सावली मागे जाताना मी कधी पाहिली नाही, पण कितीदा वाटलं की ती थांबली आहे. खाटेला टेकू लावून पुस्तक तोंडावर धरता येईल असं एक लाकडी घोडं राण्यांच्या भाचीनं करवून आणलं होतं. त्यावर मी शास्त्र वाचायला घेतलं, आणि या वेळी बारकीबायच्या पद्धतीनं. कोणी कोणाला सांगितलं? कधी? मग पुढे काय झालं?

तिची पद्धत साधी आहे, पण तिनं माझी बरीच फजिती केली. मेव्हण्यानं पत्रातून एक वचन पाठवलं होतं, आपल्याकडे आजाऱ्याला हमखास पाठवतात ते, देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच बेत आहेत अशा अर्थाचं. मला बरं वाटलं. मग मी त्याच्या आधीचं वाचलं. ते निघालं एक पत्र, घरापासून लांब कैदेत नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आणि पत्र म्हणत होतं की लवकर सुटायची आशा करू नका, सत्तर वर्षं लागतील. तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा. सत्तर वर्षं! मला तर एकच सांगितलं होतं. मी एकटाच हसायला लागलो, राणे म्हणाले, काय हो मास्तर? पण खरं सांगतो, त्या गोड ओळीपेक्षा मला त्या बागेनं जास्त धीर दिला. तोवर मी दिवस मोजत होतो. मोजणं सोडलं आणि साच्यातच बिऱ्हाड केलं. राण्यांना अक्षरओळख कमी होती, त्यांना शिकवू लागलो.

राजाची तीच गोष्ट दुसऱ्या एका पुस्तकात पुन्हा येते, हेही तिथेच सापडलं. तिथे एक बारीकशी गोष्ट जास्त आहे. मरणाचा निरोप सांगून निघालेला तो माणूस अजून वाड्याचं अंगणही ओलांडून गेला नव्हता, तेवढ्यात त्याला माघारी बोलावणं आलं. कितीतरी दुपारी झोप आणि जाग यांच्यामध्ये मी त्या अंगणात असायचो. कोणीतरी चालत दूर जातंय, आणि मग त्याची पावलं थांबतात.

सगळं असं गोड नव्हतं. कोपऱ्यातल्या खाटेवरचा एक तरुण मुलगा गेला. त्यानं औषधंही घेतली होती आणि त्याची आई भिंतीकडे तोंड करून रडलीही होती. त्या दिवशी मी पुस्तक घोड्यावरून काढायला लावलं. त्या राजाचं वचन त्या राजाला दिलेलं होतं, माझ्या किंवा त्या पोराच्या नावचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं आणि ते फार कडू लागलं. चार दिवस मी वाचलं नाही. पाचव्या दिवशी पुन्हा वाचलं, कारण मला सोबत हवी होती. हमी मागायचं तेव्हापासून सोडलं.

मार्था पंधरवड्याला यायची, भरतीची वेळ साधून. आमचं बोलणं सुरुवातीला जेमतेम व्हायचं. ओरडलो होतो ते मध्ये पडून होतं. एकदा तिनं माझी नखं कापता कापता सांगितलं की तिला माझ्या मरणाची इतकी भीती वाटत होती की ते ठरून गेलेलं बरं, असं वाटत होतं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं, पण तेव्हा कळलं.

पंधरा वर्षं

तेरा महिन्यांनी मी उभा राहिलो. इंचभर उंची गेली, पाठीला एक बाक राहिला. लीला परत आली तेव्हा तिनं आधी माझ्या पाठीला हात लावून पाहिला, मग बिलगली. पुढे दोन वर्षांनी विजय झाला. शाळेत फळ्याच्या मध्यावर लिहायचं, हा नियम मी अजून पाळतो.

पेटीतल्या सगळ्या सुरळ्या मी उलगडल्या आणि प्रत्येकीच्या मागे लिहिलं, आधी कुठून आणि पुढे कुठवर वाचायचं. आता मार्था चिठ्ठी काढते आणि अख्खा अध्याय वाचते. चहा गार होतो. ती एक चिठ्ठीही पेटीत परत ठेवली आहे, मागे अंजिरांचं लिहून.

पण माणसाचं मन बघा. मार्थानं त्या गोष्टीतली पंधरा वर्षं उचलली आणि मोजायला घेतली. मी किती वेळा म्हटलं, अगं, ती त्या राजाची, आपण पुन्हा तेच करतोय. ती म्हणायची, मला कळतंय. आणि मोजायची. त्या राजाला वाढीव वर्षांत मुलगा झाला, बाप गेला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, हे तिनं स्वतःच वाचून काढलं. तो मुलगा पुढे कसा निघाला ते मी विजयसमोर बोलत नाही. मग पंधरावं वर्ष लागलं आणि विजयला बारावं. वर्षभर ती मला जड उचलू देत नव्हती. खोकलो तर दारातून डोकवायची. अधूनमधून ट्रंक उघडून बंद केल्याचा आवाज यायचा, आणि मी विचारत नव्हतो.

ऑक्टोबरात पंधरा वर्षं भरली. त्या सकाळी मी उठलो तर ती खाटेशेजारी बसून होती, माझा श्वास बघत. मी म्हटलं, आहे अजून. ती उठली. चहा केला. बारकीबायकडे गेली. बारकीबाय आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत. मार्थानं तिला सांगितलं, पंधरा झाली. बारकीबाय म्हणाली, "मंग पुढं?"

मार्था घरी आली, ट्रंक उघडली आणि काळा कोट काढून उन्हात टाकला. संध्याकाळी तो घेऊन ठाण्याला शिंप्याकडे गेली आणि कापायला सांगितलं. नाताळला विजयनं तो घातला. खांद्यात ढगळ होता, बाह्या बोटांवर येत होत्या. मी म्हटलं, जरा मोठाच झाला. मार्था त्याची कॉलर नीट करत होती, तिनं मान वर केली नाही.

"असू दे," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी बसेल."